कानाची ओंजळ

जामबोडीच्या लहानू गुरुजींना पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास फसतो. नाव लहानू आणि माणूस असा उंच, की शाळेच्या खोलीत शिरताना चौकटीला डोकं लागू नये म्हणून मान वाकवायची त्यांना सवयच जडली. आता निवृत्त होऊन काही वर्षं झाली. घराची चौकट चांगली ऐसपैस आहे, तरी तिथेही ते वाकूनच आत जातात. त्यांच्या पत्नी रुखमाबाई म्हणतात, हा माणूस रोज येता-जाता घराच्या पाया पडतो. सिंदेवाहीच्या पलीकडे, धानाची शेतं संपून जंगल सुरू होतं तिथलं हे गाव, आणि तिथल्याच शाळेत गुरुजींनी जन्मभर इंग्रजी शिकवलं.

त्यातलं गावाला किती आलं, हा प्रश्न विचारू नये. पण ‘हिअर’ आणि ‘लिसन’ यांतला फरक विचारा आणि मग गंमत पाहा. चुलीपुढे बसलेली बाई भाकरी तव्यावर तशीच सोडून तुम्हाला तो समजावून सांगेल, आणि भाकरी करपली तर दोष गुरुजींना देईल. बाकी सगळं इंग्रजी विसरलेल्या माणसांनाही हे दोन शब्द पक्के आठवतात. त्याचं कारण गुरुजींची शिकवायची तऱ्हा.

हा धडा ते खोलीत कधीच शिकवत नसत. आठवीच्या पोरांना घेऊन शाळेमागच्या बांधावर जायचं, डोळे मिटून बसवायचं आणि नुसतं गप्प राहायला सांगायचं. थोड्या वेळाने विचारायचं, काय काय कानात पडलं? कोणी सांगे कोंबडा, कोणी तांबट पक्ष्याची टुकटुक, कोणी दूरवरचा ट्रॅक्टर, आणि एखादं आगाऊ पोर सांगे, चौकातल्या घरचं भांडण. गुरुजी म्हणत, हे सगळं हिअर. तुम्ही काही केलं नाही, आवाज आपल्या पायांनी चालत आले. आता यातला एकच धरा आणि तो जाईल तिकडे त्याच्या मागे मागे जा. हे लिसन. मग पोरं कपाळाला आठ्या घालून तांबटाच्या मागे जात आणि दोघंतिघं तिथेच पेंगत.

व्याकरणासाठी त्यांनी पोरांच्या घरची बोलीच कामाला लावली होती. “जिथी ‘मले’ येते तिथी हिअर, जिथी ‘मी’ येतो तिथी लिसन,” असं ते सांगत. मले ऐकू आलं, मी ऐकून राह्यलो. म्हणून ‘आय अॅम लिसनिंग’ खुशाल म्हणावं, पण ‘आय अॅम हिअरिंग’ म्हणू नये. ऐकू येणं हे काही आपण करत नसतो. ते येतं, नाहीतर येत नाही. आणि लिसनला एकट्याने उभं राहता येत नाही, कोणाकडे लक्ष आहे ते त्याला सांगावं लागतं, म्हणून त्याच्यापुढे ‘टू’ हवाच. टू म्हणजे लिसनचं बोट. ‘लिसन टू’ म्हणताना प्रत्येक पोराने आपापल्या आवाजाच्या दिशेला बोट दाखवायचं, असा नियमच होता. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पाहिलं, तर डोळे मिटलेली पोरं बांधावर बसून दाही दिशांना बोटं दाखवत होती. साहेबांनी घाबरून विचारलं, हे काय चाललंय? गुरुजी शांतपणे म्हणाले, व्याकरण.

अशा माणसाला निवृत्तीनंतर गावाने ‘कानावर’ बसवलं यात नवल नाही.

कानावर बसणं ही जामबोडीची जुनी रीत. फाल्गुन सरत आला की मोह गळायला लागतो आणि उजाडताच बाया टोपल्या घेऊन जंगलात फुलं वेचायला जातात. वेचणारी बाई खाली वाकलेली असते, तिची नजर जमिनीवर असते, आणि वाघाला वाकलेलं माणूस जनावरासारखं दिसतं. तेव्हा एकाने वेचायचं नाही. थोरल्या मोहाच्या बुंध्याला पाठ टेकून बसायचं आणि फक्त ऐकायचं. वाघ चालला की आधी चितळ ओरडतं, झाडावरचं माकड खाकरतं. तो आवाज आला की बसलेल्याने इशारा द्यायचा आणि सगळ्यांनी एका जागी जमायचं. कानावर बसलेल्याने बोलायचं नाही, तंबाखू-सुपारीचा खर्राही चघळायचा नाही, कारण आपल्याच जबड्याच्या आवाजात जंगलाचा आवाज बुडतो. घरी निघताना प्रत्येक बाई आपल्या टोपलीतली एक ओंजळ त्याच्या शेल्यात टाकते. तिला कानाची ओंजळ म्हणतात.

गुरुजींचा त्या जागेवर जीव जडला होता. शाळेतली पी.टी.ची शिट्टी गळ्यात अडकवून ते पहाटेच्या फिकट उजेडात बुंध्याशी बसत आणि हळूहळू जंगल त्यांच्या कानांत उतरत असे. सगळ्यांत आवडता आवाज मोहाच्या फुलाचा. वाळक्या पानांवर फूल पडतं तेव्हा टप असा इतका हलका आवाज होतो, की तो आला की आल्याचा भास झाला, हे कळू नये. मोहाचा गोड, जड वास, मधूनच बायांची दबकी कुजबुज आणि ही टपटप. त्या वेळी आपण जागे आहोत की झोपेत, हे गुरुजींना सांगता आलं नसतं. ती सुखाची जागा होती. निवृत्तीनंतर कोणाला तरी आपली गरज आहे असं वाटावं, अशी तेवढी एकच जागा उरली होती.

मग चितळं कमी झाली. निदान गुरुजींना तसं वाटलं. बुद्धविहाराच्या ओट्यावर बसून त्यांनी हे मत मांडलं आणि गुरुजी म्हणतात म्हणजे असेलच, अशी चार डोकी हललीही. पुढे तांबट दिसेनासा झाला, म्हणजे दिसायचा पण टुकटुक करेनासा झाला. यंदा पाखरंही मुकी झाली, असं ते एकदा म्हणाले तेव्हा रुखमाबाईंनी त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. मोहाचे दिवस तोंडावर आले तशी गुरुजींनी खुंटीवरची शिट्टी काढली, पुसली आणि अंगणात उभं राहून वाजवून पाहिली. नुसती हवा. आतला मणी झिजला असेल म्हणून त्यांनी पुन्हा जोर लावून फुंकली. तेवढ्यात घरातून रुखमाबाई पिठाचे हात घेऊन धावत आल्या, शेजारच्या दोन बाया कुंपणाशी आल्या आणि सगळ्या विचारू लागल्या, काय झालं? गुरुजी शिट्टीकडे पाहत राहिले.

त्या दिवशी त्यांना कळलं. चितळं होती तिथेच होती, तांबटही होता. बारीक आवाजच आपल्याकडे यायचे थांबले होते.

रुखमाबाईंनी सरळ सांगितलं, चंद्रपूरला जाऊ, कानाचं मशीन घेऊ. गुरुजी नको म्हणाले. मशीन कानावर दिसलं की त्याच दिवशी थोरल्या मोहाखालची जागा गेली, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी मनाची समजूत घातली, माकडाचा खाकरा जाड असतो, तो तर येतो ना? तेवढा पुरे. आणि घरात त्यांनी एक युक्ती धरली. समोरचं माणूस काय बोललं ते कळलं नाही की ‘हो’ म्हणायचं. जन्मभर पोरांना न कळलेलं पुन्हा विचारा म्हणून सांगणारा हा माणूस एकदाही ‘काय?’ म्हणेना. रुखमाबाईंनी एकदा मुद्दाम विचारलं, भाजीत मीठ म्हणून साखर टाकू का? गुरुजी म्हणाले, हो. त्या बाईंना हसावं की रडावं समजेना.

पण कान रिकामे झाले नव्हते, हीच तर खरी भूल होती. मोहाखाली डोळे मिटून बसलं की सगळं जंगल पूर्वीसारखंच येई. तांबट बोले, नाल्याकडे टिटवी कलकले, फुलं टपटपत. उलट आता ते जास्त गोड झालं होतं, कारण मध्ये ट्रॅक्टर नव्हता. एका सकाळी ती टपटप ऐकता ऐकता त्यांनी सहज डोळे उघडले. ऊन वर आलं होतं, फुलं गळायची केव्हाच थांबली होती, एकही फूल पडत नव्हतं, आणि तरी कानात टपटप चालूच होती. गुरुजींनी वर फांदीकडे पाहिलं, खाली पानांकडे पाहिलं. मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले. आवाज इतका सुंदर होता, की तो खोटा आहे असं स्वतःला सांगायचं धाडस त्यांना झालं नाही.

त्यानंतरच्याच एका सकाळची गोष्ट. धुक्याचा पातळ पदर नाल्यावर अजून होता. बाया वेचत वेचत पांगल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे चंदा, गुरुजींची जुनी विद्यार्थिनी, आठवीत असताना बांधावर झोपणाऱ्यांपैकी एक. आता तिचीच मुलगी आठवीत होती. नाल्याच्या अंगाला बायनाबाई, म्हातारी, शाळेची पायरी कधी न चढलेली. गुरुजी बुंध्याला टेकले होते. त्या दिवशी जंगल फारच भरून आलं होतं. त्यांना तांबट ऐकू येत होता, त्यामागे बांधावरची जुनी पोरं ऐकू येत होती, शाळेची घंटा, आईची हाक. सगळं एकमेकांत मिसळून येत होतं आणि गुरुजी त्याच्या मागे मागे चालले होते, कुठे ते न विचारता. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

अंगावर काहीतरी आपटलं म्हणून त्यांनी डोळे उघडले. मोहफुलांची मूठ होती. समोर पाहिलं, तर सगळ्या बाया एका घोळक्यात उभ्या, टोपल्या डोक्यावर धरलेल्या, आणि सगळ्यांची तोंडं उघडी. त्या जिवाच्या आकांताने ओरडत होत्या. गुरुजींपर्यंत येत होता तो पलीकडच्या गावातल्या भजनासारखा पुसट गुंगाट. त्यांच्या पलीकडे, बायनाबाईच्या सांडलेल्या टोपलीपासून हाताच्या अंतरावरून, एक पिवळी पाठ बांबूत शिरत होती. घाई नाही, गडबड नाही. बांबू हलला आणि स्थिर झाला.

बाया हळूहळू भानावर आल्या. बायनाबाई खाली बसली, तिने उलटी टोपली सुलटी केली आणि सांडलेली फुलं वेचू लागली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. कोणालाही ओरखडा आला नव्हता. चंदा गुरुजींजवळ आली, बोलू लागली. गुरुजींनी सवयीने मान हलवून ‘हो’ म्हटलं. चंदा थांबली. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग अगदी जवळ येऊन कानाशी सावकाश बोलली.

“गुरुजी, चितळ कवापासून बोंबलून राह्यलं होतं. आमाले सगळ्याइले ऐकू येत होतं. मी दोनदा तुमच्याकडं पाह्यलं. तुमी चूप होते, म्हून आमी वाकलो.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच गुरुजींना सोसवेना. बायांच्या कानांत चितळ पडत होतं, पण त्यांनी लक्ष दिलं नाही, कारण लक्ष द्यायला गुरुजी बसले होते. आणि गुरुजी जीव लावून ऐकत होते, पण त्यांच्या कानांत काहीच पडत नव्हतं. दोन्ही मिळून एक कान झाला असता. तो नव्हता, म्हणून आज बायनाबाई जायची होती.

गुरुजी उठले.  सगळ्या बायांसमोर त्यांनी सांगून टाकलं.

“मी ऐकून राह्यलो होतो बाई. मले ऐकू नाई आलं. मागच्या सालपासून येत नाई.”

 निघताना बायांनी रोजच्यासारखी एकेक ओंजळ त्यांच्या शेल्यात टाकली, बायनाबाईनेही टाकली. गुरुजींनी ती खाली मान घालून घेतली. घरी आल्यावर त्यांनी ती फुलं अंगणात वाळवायला पसरली नाहीत. शेला तसाच गाठ मारलेला कोपऱ्यात ठेवला आणि शिट्टी खुंटीला अडकवली. रुखमाबाईंनी काही विचारलं, त्यांनी ‘हो’ म्हटलं.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी चंदा आली. तिला पाहून गुरुजींना वाटलं, आता जागेवर कोण बसणार ते सांगायला आली असेल. त्यांची तयारी होती. पण चंदा सांगत होती ते वेगळंच होतं आणि ती मोठ्याने, सावकाश सांगत होती. कानावर एकटं बसायला कोणी राजी नव्हतं. एकाने ऐकायचं आणि बाकीच्यांनी निर्धास्त व्हायचं, हीच चूक झाली असं बायनाबाईचं म्हणणं पडलं होतं. आता सगळ्यांनीच ऐकत ऐकत वेचायचं ठरलं होतं. अडचण एकच होती.

“वाकलेल्या बाईले जमीन दिसते, दुसरी बाई नाई दिसत,” चंदा म्हणाली. “ज्या बाईले आवाज येईल ते बोट दाखवन, तुमच्या वर्गातल्यासारखं. पण बोटं पाह्याले कोनी पाह्यजे ना जी. तुमचे डोये तर ठीक हायेत?”

गुरुजी म्हणाले, डोळे ठीक आहेत. मग त्यांनी खुंटीवरची शिट्टी काढली आणि चंदा उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ते थोरल्या मोहाखाली पाठ टेकून बसले नाहीत, उंचवट्यावर उभे राहिले. जन्मभर चौकटीला आड आलेली त्यांची उंची पहिल्यांदाच उपयोगी पडली. आणि डोळे मिटायचे नव्हते. हे त्यांना फार अवघड गेलं. डोळे मिटले की आतलं जंगल वाटच पाहत उभं होतं, तांबटासकट, टपटपीसकट. त्याला तसंच ठेवून ते बाहेर पाहत राहिले. बाहेर सगळं मुकं होतं. फुलं पडत होती, पण आवाजाशिवाय, जणू पडता पडता त्यांचा विचार बदलत होता. पांढुरकी, ओली फुलं उजेडातून खाली येत होती आणि गुरुजींनी इतक्या वर्षांत ती पडताना कधी पाहिलीच नव्हती.

मग वाकलेल्या बायांतून एक बोट वर आलं. गुरुजींनी तिकडे पाहिलं, सुतार पक्षी खोडावर ठोकत होता. दुसरं बोट आलं, मोर होता. एका बाईने गावाकडे बोट दाखवलं, तिकडून मोटारसायकल येत असावी. बायनाबाई तर दिसेल त्या पाखराकडे बोट करत सुटली होती, तिला या खेळाची गोडीच लागली. गुरुजींना हसू आलं. एकेका बोटाबरोबर एकेक आवाज त्यांना मिळत होता. आवाज कुठला, हे गुरुजी पाहून ओळखत होते, आणि ओळखला की तो खरोखर ऐकू आल्यासारखा वाटत होता.

ऊन चढू लागलं तेव्हा चंदाचं बोट नाल्याकडे गेलं. लगेच तिच्या शेजारणीचंही. बायनाबाईचं बोट मोराकडे होतं, ते हळूच फिरलं. एकेक करत सगळी बोटं आपापले आवाज सोडून एकाच बाजूला वळली आणि तिथेच थांबली. गुरुजींना चितळ ऐकू आलं नाही, पण त्यांना ते आता कोणी सांगायला नको होतं. त्यांनी शिट्टी तोंडाला लावून पूर्ण जोराने फुंकली. त्यांच्या कानांना फक्त हवा लागली. खाली सगळ्या बाया एकदम उठल्या, एका जागी जमल्या आणि टोपल्या वाजवत, मोठमोठ्याने बोलत, गावाच्या वाटेला लागल्या. नाल्यातून त्या दिवशी कोण गेलं, ते कोणी पाहिलं नाही.

गावाच्या वेशीवर सगळ्या थांबल्या आणि ओंजळी पुढे आल्या. गुरुजींनी शेला पसरला, सगळ्यांचं घेतलं. मग खाली बसून त्याच शेल्यातली एकेक ओंजळ त्यांनी प्रत्येकीच्या टोपलीत परत टाकली. कानाची ओंजळ जो कान लावतो त्याची, हा नियम होता, आणि नियमाला गुरुजी पहिल्यापासून पक्के. बायनाबाईने विचारलं, मी केलं त्याले इंग्रजीत काय म्हनते? गुरुजींनी सांगितलं. तिने तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि घरी जाऊन सुनेला शिकवला म्हणे.

गुरुजी मान वाकवून घरात शिरले आणि भिंतीला टेकून बसले. रुखमाबाई चुलीपुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. मागे वळून रिकामा शेला पाहत त्यांनी काहीतरी विचारलं. गुरुजींचं ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

“काय म्हनलं? मले ऐकू नाई आलं.”

रुखमाबाईंचा हात तव्यावर थांबला. मग त्या उठल्या, पदराला हात पुसले, आणि त्यांच्या कानाच्या अगदी जवळ येऊन बसल्या.